भंगारातून क्रूझर सायकल बांधतोय : काय ठेवू, काय काढू?

खडखडाट | १८ जानेवारी, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय.

दिवाळीच्या आवराआवरीत घाटकोपरला घराजवळच्या भंगारवाल्याकडे रद्दी घालायला गेलो होतो. बारा किलो रद्दी दिली आणि साडेपाच किलो लोखंड घेऊन घरी आलो. जुन्या दांड्याच्या सायकलची फ्रेम, चिमट्यासकट (पुढचं चाक धरतो तो), साठ रुपये किलोने. कंपनीचा बिल्ला उडालेला, पुढच्या नळीवर त्याची दोन भोकं तेवढी शिल्लक. रंगाचे थर इतके चढलेत की खालची सायकल कुठल्या जन्मातली आहे ते कळत नाही.

तेव्हापासून वेड लागलंय. कुर्ल्याच्या भंगारात एका लेडीज सायकलचं मागे वळलेलं रुंद हँडल मिळालं. चोर बाजारात शुक्रवारी पहाटे मागच्या चाकाचा एक हब (मधला भाग, ज्यात तारा बसतात) मिळाला, त्यावर 'टॉर्पेडो' असं कोरलंय. विकणारा म्हणाला, "जर्मनी का माल है, उलटा पायडल मारो तो रुकता है." सीट मेव्हण्याने दिली, चामड्याची, झोळीसारखी लोंबलेली. शिवाय क्रँक (पायडलचा दांडा), पायडल, छर्रे, नट असा बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा भरून माल.

डोक्यात आहे ती अमेरिकन क्रूझर, पण सोलून काढलेली. जाड टायर, रुंद हँडल, एक सीट, बास. मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर, स्टँड, डायनामो यातलं काही नाही. तर प्रश्न असे: जाड टायर या फ्रेममध्ये बसेल का? रॉडचे (तारेऐवजी सळईने ओढायचे) ब्रेक काढले तर त्यांच्या जागी काय? आणि काय काय काढलं तरी सायकल सायकल राहते?

बायकोचा प्रश्न वेगळा आहे. बाल्कनीत तुळस राहणार की नाही?

गोडेतेल | १८ जानेवारी, रात्री ११:५८

तुळस ठेव. बाकी सगळं काढ.

सुरंगी | १९ जानेवारी, सकाळी ७:१०

मडगार्ड काढतोयस? जूनमध्ये भेटू.

चक्रपाणी | १९ जानेवारी, सकाळी ९:३५

मी जरा कडू बोलणार आहे, राग मानू नका. जुनी दांड्याची सायकल मिळाली की तिचं 'कस्टम' करायची जी साथ आली आहे, ती मला पटत नाही. रॉडचे ब्रेक, पूर्ण चेनकेस, स्प्रिंगची सीट हे सगळं एका विचाराने केलेलं असतं. धोतर नेसलेला माणूस ऑफिसला काळे डाग न पाडता पोचावा म्हणून चेनकेस होती. तुम्ही तिचं धोतर फेडून तिला बर्म्युडा घालताय.

शोधलंत तर त्याच जातीचे सुटे भाग मिळतील. मूळ रूपात उभी करा.

खडखडाट | १९ जानेवारी, सकाळी ९:५०

चक्रपाणीजी, फेडायला धोतर असायला हवं ना! मला फ्रेम आणि चिमटा एवढंच मिळालंय. ती माझ्याकडे आली तेव्हाच दिगंबर होती.

गोडेतेल | १९ जानेवारी, सकाळी ९:५४

😂😂 बर्म्युडा ही तिची बढतीच म्हणायची मग.

आऊटकाढे | १९ जानेवारी, दुपारी ४:२०

आमचं मिरजेत सायकलचं दुकान होतं, लहानपण चाकांचं आऊट (डगमग) काढण्यात गेलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी टायर. तुमची फ्रेम बहुतेक २८ × १½ ची. त्या टायरची रिमवर बसायची जागा ६३५ मिमी व्यासाची असते. क्रूझरचं किंवा एमटीबीचं (माउंटन बाइकचं) जाड 'सव्वीस' ५५९ मिमीचं. आणि २६ × १⅜ हे जे आपल्या लेडीज सायकलींना असतं, ते सव्वीस ५९० मिमीचं! दुकानात नुसतं "सव्वीसचा टायर द्या" म्हणालात तर काय हातात पडेल ते नशिबावर. टायरच्या कडेला ५५९ हा आकडा वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

आता रुंदी. जुन्या फ्रेमला क्रँकच्या मागून ज्या दोन नळ्या चाकाकडे जातात, त्यांच्यामधली जागा दीड इंची टायरला बेतलेली असते. खरं क्रूझर टायर २.१२५ इंचाचं, म्हणजे ५४ मिमी. ते मागे घासेल असं धरून चाला. १.७५ चं (४७ मिमी) कधी बसतं, कधी नाही. टायर विकत घेण्याआधी पुठ्ठ्याचा ४७ मिमीचा तुकडा कापून, चाक जिथे फिरणार तिथे तो धरून बघा. दोन्ही बाजूंना थोडी तरी फट हवी, नाहीतर चाक जरा आऊट झालं की नळीला घासलंच. पुढच्या चिमट्यात सहसा अडचण येत नाही.

लहान चाकामुळे सायकल जमिनीकडे बसते. २८ ऐवजी २६ × १.७५ घातलं की क्रँक जवळपास तीन सेंटिमीटर खाली येतो. वळताना आतला पायडल वर ठेवायची सवय करा. आणि आपल्या सोसायट्यांमधले स्पीडब्रेकर तर तुम्हाला माहीतच आहेत.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. जुन्या इंग्रजी पद्धतीच्या सायकलींना पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागे ४०. एमटीबीच्या रिमला सहसा ३६ भोकं. म्हणजे डब्यात जुने हब असतील तर ते नव्या रिमला चालणार नाहीत. त्या टॉर्पेडोची भोकं मोजा आधी.

खडखडाट | १९ जानेवारी, संध्या. ७:०५

मोजली. एका बाजूला १८. म्हणजे ३६! आणि पुठ्ठ्याचा प्रयोगही केला. ४७ बसतो, पण सुटकेचा निःश्वास टाकावा इतकीच फट आहे.

आऊटकाढे | १९ जानेवारी, संध्या. ७:३०

मग नशीबवान आहात. टॉर्पेडो म्हणजे जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या फिख्टेल अँड झाक्स कंपनीचा हब, १९०३ पासूनचा. पायडल मागे दाबला की हबच्या आतला ब्रेक लागतो. नुसता उघडून साफ करा, जुनं ग्रीस रॉकेलने काढून नवं भरा. आणि त्याला एक लोखंडी हात असतो, तो मागच्या खालच्या नळीला पट्टीने घट्ट बांधायचा. तो सुटला तर ब्रेक लावताक्षणी गोल फिरतो आणि तारांमध्ये घुसतो. ही पट्टी हरवलेली असेल तर सायकल रस्त्यावर काढू नका.

सॅनहोजेचा_पांडू | २० जानेवारी, पहाटे ३:१५ (इथे दुपार)

धागा वाचून गहिवरलो. काय काढावं, हा प्रश्न क्रूझरच्या इतिहासातच आहे, म्हणून चार ओळी.

जाड 'बलून' टायरची सायकल शिकागोच्या श्विनने १९३३ मध्ये बाजारात आणली. मंदीत मोठी माणसं सायकल घेत नव्हती, म्हणून पोरांना मोटरसायकलसारखं दिसेल असं काहीतरी द्यायचं होतं. त्या सायकलींना पुढे खोटी पेट्रोलची टाकी, भोंगा, दिवे, क्रोमचे मडगार्ड असा सगळा थाट. वजनाला म्हैस.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात मरिन काउंटीच्या पोरांनी हीच जुनी धुडं भंगारातून उचलली, टाक्या-मडगार्ड उपटून फेकले आणि डोंगरावरून खाली सोडली. या सोललेल्या सायकलींना ते 'क्लंकर' म्हणायचे. श्विनच्या जुन्या एक्सेल्सियर फ्रेमला तर फार मागणी होती. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे २ मैलांत १३०० फूट उतार. बहुतेकांना उलट्या पायडलचे ब्रेक, तेच खडखडाटच्या टॉर्पेडोचे भाऊबंद. उतारावर हब इतके तापायचे की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून ग्रीस परत भरावं लागायचं. परत भरणं म्हणजे रिपॅक, म्हणून शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही मंडळी त्यातलीच, आजची माउंटन बाइक तिथून निघाली.

म्हणजे चक्रपाणीजी, काढून टाकणं हीसुद्धा एक परंपराच आहे हो.

चक्रपाणी | २० जानेवारी, सकाळी ८:४०

माहिती छान. पण ती परंपरा त्यांची. आपल्याकडे सायकलला गोष्टी लावत जातात. दूधवाला कॅन लावतो, पाववाला मागे भला मोठा डबा, डबेवाले हँडलसुद्धा सोडत नाहीत. सायकल नुसती ठेवणं ही चैन आहे.

सुरंगी | २० जानेवारी, सकाळी ९:०२

पहिल्यांदाच चक्रपाणींशी सहमत. पार्ल्याहून अंधेरीला रोज सायकलने ऑफिसला जाते, चौथं वर्ष. पहिल्या महिन्यात मीही मडगार्ड नसलेली 'स्पोर्टी' सायकल घेतली होती. पहिल्या पावसात ऑफिसात पोचले तेव्हा पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा सरळ पट्टा उमटलेला. लिफ्टमधल्या कुणीही काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

झेंडू | २० जानेवारी, सकाळी ११:२५

क्रूझरला मराठीत काय म्हणायचं पण?

गोडेतेल | २० जानेवारी, सकाळी ११:२८

रमतगमत.

आऊटकाढे | २० जानेवारी, सकाळी ११:४०

आमच्या दुकानात अशी सायकल आली असती तर वडील म्हणाले असते, "उरलेली कधी आणणार?"

झेंडू | २० जानेवारी, दुपारी १२:०५

😂 रमतगमत पक्कं. अवांतर: तासावर सायकल भाड्याने घेऊन शिकलेले कोण आहेत इथे? आमच्या चिपळूणला पन्नास पैसे तास होता. सीटवर बसून पाय पोचायचे नाहीत, म्हणून दांड्याखालून पाय घालून कैची. गुडघ्याचा वळ अजून आहे.

माझगावचा_बाबू | २० जानेवारी, दुपारी १२:४०

मी! माझगावात. घड्याळ नसायचं, भाडेवाला चाचा रेल्वेच्या भोंग्यावर तास मोजतो अशी आमची समजूत होती. पाच मिनिटं उशीर झाला की दुसऱ्या तासाचे पैसे. ब्रेक हा प्रकार त्या सायकलींना ठाऊक नव्हता, चप्पल पुढच्या चाकावर दाबायची. आईला चपला झिजण्याचं कारण कधी कळलं नाही.

खडखडाट, तुझ्या भंगारवाल्याकडून चिठ्ठी घेतलीस का? फ्रेमवर सीटच्या नळीपाशी किंवा क्रँकच्या खाली नंबर कोरलेला असतो. तो नंबर लिहून, तारीख टाकून, त्याची सही घे. चोर बाजारातला माल सगळा चोरीचा नसतो, पण उद्या कुणी विचारलं तर कागद बरा.

खडखडाट | २ फेब्रुवारी, रात्री १०:१५

चिठ्ठी घेतली. भंगारवाला म्हणाला, "साठ रुपये किलो के माल का बिल पहली बार दे रहा हूँ."

आता मोठी बातमी. रंग खरवडताना खालच्या तिरक्या नळीवर अक्षरं सापडली. इंग्रजीतली, शेवटची दोनच स्पष्ट, 'एन' आणि 'डी'. त्याच्या आधी एक-दोन अक्षरांची जागा आहे. बघणाऱ्यांनी अंदाज सांगा.

आणि एक कबुली. क्रँकच्या उजव्या बाजूची वाटी (कप) निघता निघेना. दोन दिवस पान्याला पाइप लावून डावीकडे जोर केला, शेवटी वाटीच्या कडा गोल करून टाकल्या. मग शेजारचे काका आले आणि म्हणाले, "अरे, ती उलट्या आट्याची असते."

गोडेतेल | २ फेब्रुवारी, रात्री १०:१८

'लंड'न? 🙈

मदतनीस | २ फेब्रुवारी, रात्री १०:३०

गोडेतेल, आवरा.

आऊटकाढे | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

अरेरे. आधी लिहायला हवं होतं, चूक माझी. इंग्रजी पद्धतीच्या फ्रेमला उजव्या बाजूची, म्हणजे चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्याची. ती घड्याळाच्या दिशेने फिरवली की सुटते. डाव्या पायडलचंही तसंच. आता कडा गेल्याच आहेत तर वाटीतून जाड बोल्ट आरपार घालून, दोन्ही बाजूंनी वायसर आणि नट आवळून बोल्टच घड्याळाच्या दिशेने फिरवा. बहुतेक सुटते. घाई नको, आदल्या रात्री रॉकेल सोडून ठेवा.

आणि कॉटर (क्रँक अडकवणारी खीळ) काढलेत का अजून? त्यावर थेट हातोडा मारू नका, वाकतो आणि मग ड्रिल करावं लागतं. नट पूर्ण काढायचा नाही, आट्याच्या टोकाशी आणून ठेवायचा. क्रँकच्या खाली जाड पाइपचा तुकडा उभा, जमिनीला टेकलेला, म्हणजे धक्का छर्र्यांवर जात नाही. मग एकच नेमका ठोका. जोडताना क्रँकच्या वाट्यांमध्ये दोन्ही बाजूंना पाव इंची अकरा-अकरा छर्रे. डब्यातले जुने छर्रे नका वापरू. नागदेवी स्ट्रीटला नवे किरकोळ पैशात मिळतात.

सुरंगी | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:५०

एक गंभीर सूचना. जुना रंग कोरडा घासू नकोस, त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी. घरात लहान मूल आहे का? बाल्कनीत तर मुळीच नको. रंग काढायचं केमिकल लाव, किंवा ओलं करून घास, आणि निघालेला गाळ कुंडीत टाकू नकोस. तुळशीची बाजू घेणारं कुणीतरी हवं.

बीडीडीची_बकुळ | ३ फेब्रुवारी, दुपारी २:३०

मी इथे फारशी लिहीत नाही, वाचते. पण 'एन' आणि 'डी' वाचून राहवलं नाही. 'हिंद' असेल.

हिंद सायकलचा कारखाना वरळीला होता. आम्ही बीडीडी चाळीत राहायचो आणि माझे वडील त्या कारखान्यात प्लेटिंग खात्यात होते. हँडल, रिम, क्रँक चकाकतात ना, ते काम. वरळीत आजही 'हिंद सायकल मार्ग' आहे. आजची मुलं तिथून टॅक्सीने जातात आणि सायकल मार्ग म्हणजे सायकलींसाठीचा रस्ता समजतात.

बिल्ल्याच्या भोकांवरून मात्र काही सांगता यायचं नाही, पुष्कळ कंपन्यांचे बिल्ले तसेच दोन भोकांचे असत.

चक्रपाणी | ३ फेब्रुवारी, दुपारी ३:१०

बकुळताई, काय आठवण काढलीत! आता तर मी हात जोडून सांगतो, ही मुंबईत बनलेली फ्रेम असेल तर तिला जर्मन हब आणि एमटीबीच्या रिमा लावू नका. निदान सेन-रॅलेचे सुटे भाग तरी मिळतील, ते आसनसोलचे, पण त्याच पिढीचे.

माझगावचा_बाबू | ३ फेब्रुवारी, दुपारी ३:४५

चक्रपाणीसाहेब, कायद्याचा माणूस म्हणून एक मुद्दा. हिंद सायकल आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या १९८० मध्ये संसदेने एकाच कायद्याने सरकारी केल्या. कायद्याच्या नावातच दोघी आहेत. म्हणजे वरळीची फ्रेम आणि आसनसोलचा क्रँक यांचं लग्न खुद्द संसदेने लावलंय. त्यात जर्मन हब आला तर आंतरराष्ट्रीय विवाह म्हणू.

गोडेतेल | ३ फेब्रुवारी, दुपारी ३:४७

आणि मडगार्ड म्हणजे माहेरची साडी.

खडखडाट | ३ फेब्रुवारी, रात्री ९:२०

बकुळताई, मनापासून आभार. एक विचारू? हँडल आणि क्रँकवर गंजाचे ठिपके आहेत. परत क्रोम करून घेऊ का? सँडपेपरने घासू का?

बीडीडीची_बकुळ | ४ फेब्रुवारी, सकाळी १०:००

सँडपेपर नको हो! वडील ऐकते तर पान फेकून उठले असते. क्रोमचा थर अगदी पातळ असतो, नुसता चकाकीला. गंजापासून वाचवतं ते त्याखालचं निकेल. सँडपेपरने दोन्ही जातात आणि पुढच्या पावसाळ्यात सगळं लाल.

पोळ्या गुंडाळतात तो अॅल्युमिनिअमचा कागद घ्या, चुरगाळा, पाण्यात बुडवा आणि ठिपक्यांवर घासा. अॅल्युमिनिअम क्रोमपेक्षा मऊ, ओरखडे पडत नाहीत आणि गंज उतरतो. नंतर कोरडं पुसून मेण लावा. जिथे निकेलच उडालं असेल ती जागा काही परत येणार नाही, तिच्यासह जगा. नव्याने प्लेटिंग करायचं तर खर्च सायकलीच्या वरचा होईल आणि चांगलं काम करणारेही कमी झालेत.

आऊटकाढे | ४ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

बकुळताईंना साष्टांग. भर एवढीच: सुटे लहान भाग, ज्यांवर प्लेटिंग नाही असे, ऑक्झॅलिक अॅसिडच्या पाण्यात रात्रभर ठेवले तरी गंज उतरतो. हातमोजे घाला, विषारी असतं. आणि घरातलं पातेलं वापरू नका.

खडखडाट | ४ फेब्रुवारी, सकाळी ११:३४

पातेल्याबद्दलची सूचना एक दिवस उशिरा आली.

सुरंगी | ४ फेब्रुवारी, सकाळी ११:३६

ते पातेलं आता सायकलचंच. स्वयंपाकघरात परत नको, कितीही घासलंस तरी.

झेंडू | ४ फेब्रुवारी, दुपारी १:००

पुढच्या ब्रेकचं काय ठरलं? का नुसता मागे पायडल मारूनच थांबणार सायनच्या पुलावरून?

आऊटकाढे | ४ फेब्रुवारी, दुपारी २:१०

हाच खरा प्रश्न, बरं झालं विचारलंत. उलट्या पायडलच्या ब्रेकचा जीव चेनमध्ये असतो. चेन तुटली किंवा उतरली की ब्रेक गेला. म्हणून पुढे स्वतंत्र ब्रेक हवाच. 'सोललेली' वगैरे सगळं ठीक, पण हा सोलायचा नाही.

अडचण अशी की जुना चिमटा ६३५ च्या रिमसाठी आहे. ५५९ ची रिम त्याहून ३८ मिमी खाली येते, त्यामुळे बाजारातला साधा कॅलिपर ब्रेक तिथपर्यंत पोचत नाही. रॉड ब्रेक तर रिमच्या आतल्या बाजूला खालून दाबतात, त्यांना वेगळ्या आकाराची रिम लागते. तेव्हा दोन मार्ग. एक, पुढे ड्रम ब्रेकचा हब. दोन, चिमट्याला व्ही-ब्रेकचे खुंट (ब्रेकचे हात बसवायचे) पितळेने लावून घेणे. पितळेनेच, म्हणजे ब्रेझिंग. नाक्यावरच्या आर्क वेल्डिंगवाल्याकडे नका जाऊ, पातळ नळी जाळून टाकेल. खुंटांची उंची चाक बसवून, रिमवर खूण करूनच ठरवा. आणि हे सगळं रंगाच्या आधी.

रिम अॅल्युमिनिअमची घ्या. क्रोमच्या लोखंडी रिमवर पाऊस पडला की रबर नुसतं घसरतं. मुंबईत वाढलेल्याला वेगळं सांगायला नको.

चक्रपाणी | ४ फेब्रुवारी, दुपारी २:४०

पितळेने खुंट. हिंदच्या चिमट्याला. मी काही दिवस हा धागा बघणार नाही.

गोडेतेल | ४ फेब्रुवारी, दुपारी २:४१

(बघतील.)

चक्रपाणी | ४ फेब्रुवारी, दुपारी ३:०५

गिअरचं गणित कुणी सांगितलं नाही अजून.

आऊटकाढे | ४ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

हा घ्या हिशेब. पुढे ४४ दाते, मागे २० घातले तर पायडलच्या एका फेरीत चाक २.२ फेऱ्या मारतं. २६ × १.७५ च्या चाकाचा घेर साधारण २.०५ मीटर, म्हणजे एका फेरीत साडेचार मीटर. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्यात तर ताशी १६ किमी. रमतगमतला एवढं पुरे. मागे १८ घातलं तर तीच फेरी पाच मीटरची, सपाटीला छान, पण पूल चढताना मांड्या बोलतील.

खडखडाट | २६ एप्रिल, सकाळी ११:४५

झाली!!

भायखळ्याच्या एका ब्रेझिंगवाल्या काकांनी खुंट लावले. त्यांनी आधी विचारलं, "याला गाढवासारखे कान कशाला?" पावडर कोटिंग केलं, काळा मॅट. भट्टीच्या दोनशे डिग्रीला पितळेचे सांधे वितळतील अशी भीती होती, पण पितळ वितळायला त्याच्या कितीतरी पट तापमान लागतं म्हणे. 'एन' आणि 'डी' असलेला तेवढा तुकडा टेप लावून जुन्या रंगातच ठेवायचा होता, पण टेप भट्टीत टिकणार नाही म्हणाले. म्हणून त्या अक्षरांचा फोटो काढून ठेवला. पोटात जरा कालवलं, खरं सांगतो.

मागे २० दाते. मागचं चाक मीच विणलं, ३६ तारा, तीन संध्याकाळी. आऊट मात्र दुकानातून काढून घेतलं. ब्रेझिंगचे आठशे, कोटिंगचे बाराशे, रिमा-टायर-ट्यूब बावीसशे, बाकी किरकोळ. साठ रुपये किलोची सायकल पाच हजाराला पडली. बायकोला तीन सांगितलेत, इथे लिहू नका.

आज पहाटे पाचला घाटकोपरहून निघालो, साडेसहाला मरीन ड्राइव्ह. जाड टायरमुळे पेव्हर ब्लॉक कळतच नाहीत. मलबार हिलवर ढकलत नेली आणि वाळकेश्वरवरून चौपाटीला नुसत्या उलट्या पायडलवर उतरलो. पांडू, हब गरम झाला होता, पण धूर नाही!

सॅनहोजेचा_पांडू | २६ एप्रिल, दुपारी १२:१०

भले शाबास! हात लावून बघितलास ना, बस, तोच आमचा रिपॅक.

माझगावचा_बाबू | २६ एप्रिल, दुपारी १२:२०

घंटी दिसत नाही फोटोत.

खडखडाट | २६ एप्रिल, दुपारी १२:२५

घंटीही काढलीय. सोललेली ना.

खडखडाट | ३ मे, रात्री ८:४०

घंटी लावली. भायखळ्याच्या भाजी मार्केटपाशी "ओ काका, ओ ताई" करून घसा बसला.

सुरंगी | १४ जून, रात्री ९:००

पाऊस आला. कुणी काही बोलणार का?

खडखडाट | १६ जून, सकाळी ७:५०

बोलतो. पांढरा शर्ट होता.

मागचं मडगार्ड लावलंय, पण अर्धं. लेडीज सायकलचं, कापून, सीटखाली बोटभर पुढे आलेलं. पुढचं नाही लावणार, बुटांवर उडतं ते उडू दे. कॅरिअरही नाही. काल बायकोने पाच किलो तांदळाची पिशवी हँडलला लटकवली आणि गेटपर्यंत पोचायच्या आत मी दोनदा पडता पडता वाचलो, तरी नाही. आणि रॉड ब्रेकची आठवण अजून एकदाही आली नाही, हे चक्रपाणीजींना कळावं.

चक्रपाणी | १६ जून, सकाळी ८:३०

कळलं. मडगार्डाचा फोटो टाका. कापलेल्या कडेला पट्टी ठोकलीत का? नाहीतर पत्रा हात कापेल.

खडखडाट | १६ जून, सकाळी ८:३३

नाही ठोकली. अंगठ्याला पट्टी बांधून टाइप करतोय.

बीडीडीची_बकुळ | १७ जून, सकाळी १०:४०

एक विनंती करू का? पाऊस उघडला की कधी रविवारी ती हिंद सायकल मार्गावरून एकदा फिरवा आणि फोटो टाका. हिंदचीच आहे की नाही ते काही नक्की नाही, तरी.

खडखडाट | ६ जुलै, सकाळी ९:१५

बकुळताई, आज जाऊन आलो. पाटीखाली उभी केली. स्टँड नाही म्हणून भिंतीला टेकवावी लागली. समोरच्या टॉवरचा वॉचमन आला, दोन मिनिटं बघून म्हणाला, "इसका बाकी सामान किधर है?" आऊटकाढ्यांच्या वडिलांचा भाऊ असावा. फोटो जोडतोय.

बीडीडीची_बकुळ | ६ जुलै, दुपारी १:२०

बघितला. दोनदा बघितला. हँडल छान उजळलंय.

पण चेन ढिली दिसतेय हो. मधोमध दाबली तर अर्ध्या इंचापेक्षा जास्त खेळ नको. तुमचा मागचा ब्रेक त्याच चेनवर आहे ना?

खडखडाट | ६ जुलै, दुपारी १:२६

हो ताई. पाना घेऊन खाली चाललोय.